भोंगा घेतलेला माणूस: 'अ स्कॅनर डार्कली' आणि अॅलेक्स जोन्सवरचे खटले

रिळवाला

सिनेमा पाहिला नसेल त्यांना आधीच सांगतो, खाली शेवट उघड केला आहे.

रिचर्ड लिंकलेटरच्या 'अ स्कॅनर डार्कली'मध्ये (२००६) एक छोटा प्रसंग आहे. रस्त्यावर एक धिप्पाड माणूस भोंगा घेऊन घसा फोडून ओरडतोय. नशेविरुद्धचं युद्ध, सरकारी पाळत, माणसांना गुलाम करण्याचा डाव. येणारे-जाणारे बघून न बघितल्यासारखं करतात. मग एक व्हॅन येऊन थांबते, माणसं उतरतात, विजेचा झटका देऊन त्याला आडवा करतात आणि उचलून गाडीत कोंबतात. व्हॅन निघून जाते. त्याचं पुढे काय झालं ते सिनेमा सांगत नाही.

सिनेमा रोटोस्कोपिंगचा आहे. आधी खऱ्या नटांना घेऊन चित्रण केलं आणि मग चित्रकारांनी संगणकावर त्यावरून रंगवत नेलं. त्यामुळे माणसांच्या कडा, सावल्या, कपड्यांच्या चुण्या सतत किंचित सरकत राहतात. कियानू रीव्ह्ज, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर, विनोना रायडर हे चेहरे त्या रंगांतूनही लगेच ओळखू येतात. भोंगेवाला मात्र आपल्याकडच्या बहुतेकांना ओळखू येत नाही. तो अॅलेक्स जोन्स, जिथेतिथे सरकारी कट शोधणारा अमेरिकन रेडिओ-निवेदक. लिंकलेटरने त्याला आधी 'वेकिंग लाइफ'मध्येही (२००१) घेतलं होतं. तिथे तो गाडीवर कर्णा लावून ओरडत फिरतो आणि ओरडता ओरडता त्याचा चेहरा लालभडक होत जातो.

'स्कॅनर'मधल्या त्या प्रसंगात आपण त्याच्या बाजूचे होतो. का नाही होणार? गोष्टीच्या जगात तो बरोबर आहे. तिथे खरंच घराघरात छुपे कॅमेरे आहेत, खरंच सरकार आणि धंदेवाले यांचं साटंलोटं आहे, आणि जो मोठ्याने बोलतो त्याला उचलून नेतात.

आता दुसरीकडे या. १४ डिसेंबर २०१२, कनेटिकट राज्यातलं न्यूटाउन गाव, सँडी हूक प्राथमिक शाळा. २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गोळ्यांनी मारली गेली. मुलं सहा-सात वर्षांची. आणि जोन्सने 'इन्फोवॉर्स' या आपल्या कार्यक्रमावरून आणि संकेतस्थळावरून पुढे कित्येक वर्षं सांगितलं की हे सगळं बनाव आहे, बंदुका काढून घेण्यासाठी रचलेलं नाटक आहे, आईबाप भाडोत्री नट आहेत. ऐकणाऱ्यांनी ते मनावर घेतलं. लोक त्या आईबापांना फोन करू लागले, पत्रं धाडू लागले, रस्त्यात गाठून 'तुझं मूल कधी नव्हतंच' असं तोंडावर सांगू लागले. ठार मारण्याच्या धमक्या आल्या. काहींना घरं बदलावी लागली. शेवटी कुटुंबांनी जोन्सवर बदनामीचे दावे लावले आणि २०२२ साली एकट्या कनेटिकटच्या कोर्टात त्याच्यावर जवळजवळ १४४ कोटी डॉलरचं देणं बसलं.

मला हे कधीच विसरता येत नाही की या सगळ्या प्रकरणात पडद्यावर भूमिका केलेला माणूस एकच होता, आणि तोच शोक करणाऱ्या आईबापांना नट म्हणत होता. २०१७ साली मुलांच्या ताब्याच्या खटल्यात त्याच्याच वकिलाने कोर्टाला सांगितलं होतं की कार्यक्रमातला जोन्स हे एक पात्र आहे, तो ते वठवतो.

त्याने भोंगेवाल्याची ती प्रतिमा आयुष्यभर वापरली. मी एकटा खरं बोलतो, म्हणून हे मला उचलायला टपले आहेत. २०१८ साली फेसबुक, यूट्यूब, अॅपल यांनी त्याला काढलं तेव्हाही हेच, कोर्टाची नोटीस आली तेव्हाही हेच. विज्ञानपटांनी सत्तेवर संशय घ्यायला शिकवलं, ते चांगलंच केलं. पण तो संशय कुणीतरी ताब्यात घेऊन बाजारात मांडला, तर त्या माणसाला काय म्हणायचं?

मला वाटतं उत्तर त्याच सिनेमात आहे. 'सब्स्टन्स डी' या नशेने माणसांचे मेंदू दुभंगतात आणि ती सोडवायला 'न्यू पाथ' नावाची संस्था असते. शेवटी कळतं की ज्या निळ्या फुलापासून ती नशा तयार होते त्याची शेती 'न्यू पाथ'च करते. मक्याच्या ओळींमध्ये लपवून. आजार आणि औषध एकाच मालकाचं.

जोन्सच्या कार्यक्रमात तासभर काय चालायचं? पाण्यात विष आहे, अन्नात विष आहे, सरकार तुमच्या जिवावर उठलंय. आणि मध्ये त्याच्याच दुकानातल्या पूरक औषधांच्या बाटल्या, पाण्याचे फिल्टर, संकटकाळी साठवायचं अन्न. २०१८ साली काही दिवशी दिवसाला ८ लाख डॉलरपर्यंत विक्री झाल्याचं कोर्टासमोर आलं. त्याने भोंगेवाल्याचं सोंग घेतलं, पण तो होता 'न्यू पाथ'.

ऑस्टिनकर

लेख आवडला. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून इथे राहतोय, म्हणून थोडी भर.

त्या काळी इथे, टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये, केबलवर लोकांसाठी खुली वाहिनी होती. गावातल्या कुणीही जायचं आणि आपला कार्यक्रम करायचा. जोन्स तिथूनच वर आला. गावात असे खूप लोक होते, कुणी उडत्या तबकड्यांवर बोलायचं, कुणी रात्रभर गिटार वाजवायचं. ऑस्टिनला या विक्षिप्तपणाचा अभिमान होता, अजूनही आहे. लिंकलेटरचे सुरुवातीचे सिनेमे याच लोकांवर उभे आहेत. त्यामुळे त्याने जोन्सला का घेतलं हे तेव्हाच्या ऑस्टिनमध्ये उभं राहून पाहिलं तर समजतं. तेव्हा तो गल्लीतला आरडाओरडा करणारा माणूस होता. १९९९ साली इन्फोवॉर्स सुरू झालं, इंटरनेट पसरलं आणि तोच आवाज घराघरात गेला. वाहिनीवर त्याला शंभर जण ऐकत असतील तर त्यातले नव्वद त्याला ओळखत होते आणि किती मनावर घ्यायचं ते जाणून होते. जालावर तो संदर्भ गेला.

तिसरी घंटा

रिळवाला, शोक करणाऱ्या आईबापांबद्दल दुमत नाही. पण १४४ कोटी डॉलर? एखाद्या माणसाने कितीही घाणेरडं बोललं तरी बोलण्यासाठी एवढा दंड? आणि मी वाचलं त्याप्रमाणे त्याने बदनामी केली की नाही यावर सुनावणी झालीच नाही, थेट रक्कम ठरवायला ज्युरी बसली. आज हा माणूस आपल्याला आवडत नाही म्हणून ठीक वाटतंय. उद्या एखाद्या प्रामाणिक पत्रकारावर हाच वरवंटा फिरला तर?

खटलेवाली

तिसरी घंटा, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वकिली करते, पण भारतात. अमेरिकन कायद्यातलं जे ठाम माहीत आहे तेवढंच लिहितेय.

सुनावणी झाली नाही हे खरं. पण ती कुणी होऊ दिली नाही? तिथे खटला उभा राहण्याआधी दोन्ही बाजूंना एकमेकांना कागदपत्रं द्यावी लागतात. कार्यक्रमाला किती लोक येतात याचे आकडे, हिशेब, ईमेल, मेसेज. कुटुंबांच्या वकिलांनी ते मागितले, कोर्टाने द्यायला सांगितले, पुन्हा सांगितले, दंड केला, तरी पुरते आले नाहीत. २०१८ साली दाखल झालेले दावे २०२१पर्यंत याच पायरीवर घोटाळत राहिले. शेवटी टेक्सास आणि कनेटिकट, दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या दोन न्यायाधीशांनी तोच निष्कर्ष काढला: हा पक्ष कोर्टाला जुमानत नाही, सबब जबाबदारी निश्चित. आपल्याकडेही प्रतिवादी लेखी म्हणणं देत नाही, कागद दडवतो, तेव्हा त्याचा बचाव रद्द होतो. वर्षानुवर्षं तारखा घेऊन मग 'माझं ऐकलंच नाही' म्हणायचं, हे मी रोज बघते.

१९६४च्या 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन' निकालाने तिथल्या पत्रकारांना मोठं कवच दिलंय. सार्वजनिक व्यक्तीबद्दल चूक छापली तरी, खोटं आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची फिकीर न करता छापलं हे सिद्ध व्हावं लागतं. प्रामाणिक पत्रकार आपल्या नोंदी, ईमेल कोर्टासमोर ठेवतो आणि त्यातूनच वाचतो. जोन्सने ते ठेवलेच नाहीत.

आता मेसेजचं. ऑगस्ट २०२२, ऑस्टिन. जोन्स साक्षीला उभा. सँडी हूकबद्दल फोनवर एकही मेसेज सापडला नाही असं त्याने आधी शपथेवर सांगितलेलं. आईबापांचा वकील मार्क बँक्स्टन उठतो आणि सांगतो की तुमच्या वकिलांनी चुकून तुमच्या फोनची अख्खी प्रत, दोन वर्षांचे मेसेज, आम्हाला पाठवून दिले. आम्ही कळवल्यावरही त्यांनी मुदतीत त्यावर गोपनीयतेचा हक्क सांगितला नाही. आणि मग विचारतो, खोटी साक्ष म्हणजे काय ते माहीत आहे ना? ती चित्रफीत जरूर बघा. जोन्स आधी हसायला जातो. मग त्याच्या लक्षात येतं.

त्याच खटल्यात न्यायाधीश माया गेरा गॅम्बल यांनी त्याला बजावलं की एखादी गोष्ट तुम्हाला खरी वाटते म्हणून ती खरी होत नाही, इथे शपथेवर आहात, हा तुमचा कार्यक्रम नाही. आणि त्याच साक्षीच्या पिंजऱ्यात त्याने मान्य केलं की सँडी हूकचं हत्याकांड शंभर टक्के खरं आहे.

रकमेबद्दल: ऑस्टिनला एका मुलाच्या आईबापांना ४१ लाख डॉलर भरपाई आणि ४.५२ कोटी दंडात्मक. ऑक्टोबर २०२२ला कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या ज्युरीने आठ कुटुंबं आणि एक एफबीआय अधिकारी मिळून ९६.५ कोटी. त्यावर नोव्हेंबरमध्ये न्यायाधीश बार्बरा बेलिस यांनी ४७.३ कोटी दंडात्मक. पुढे २०२४ला अपील कोर्टाने त्यातले १५ कोटी कमी केले, म्हणजे वरच्या कोर्टाने डोळे मिटून शिक्का मारलेला नाही.

तिसरी घंटा

धन्यवाद. कागद न दिल्याचा मुद्दा पटला. रकमेबद्दल माझं मत कायम आहे. जी रक्कम कुणी कधी भरू शकणार नाही तिने न्याय होतो असं मला वाटत नाही, नुसता आकडा होतो.

शेवंती

मी कनेटिकटमध्ये राहते, न्यूटाउनपासून लांब नाही. सहसा वाचनमात्र असते.

तिसरी घंटा, आकड्याबद्दल तुम्ही म्हणता ते मी समजू शकते. पण इथल्या आईबापांचं काय झालं ते जवळून ऐकलंय म्हणून लिहिते. इथे शाळेत मुलांना सराव देतात. दिवे घालवायचे, दार लावायचं, भिंतीला लागून गप्प बसायचं. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा घरी येऊन तिने मला दाखवलं होतं कसं बसायचं ते. श्वाससुद्धा हळू घ्यायचा म्हणे.

ज्यांची मुलं त्या दिवशी घरी आलीच नाहीत, त्यांना वर्षानुवर्षं मूल होतं हे सिद्ध करावं लागलं. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले अनोळखी माणसांना दाखवावे लागले. एका वडिलांनी टीव्हीवर सांगितलं की मी माझ्या मुलाला कुशीत घेतलं, त्याच्या डोक्यातली गोळीची जखम पाहिली. इन्फोवॉर्सवर त्यावरही कार्यक्रम झाला की हे शक्यच नाही. ऑस्टिनच्या कोर्टात त्या मुलाची आई जोन्सकडे बघून म्हणाली की माझा मुलगा होता, मी खरी आई आहे. कुठल्या बाईवर भर कोर्टात असं सांगायची वेळ यावी?

एक मूल गमावलेल्या घराला तुम्ही आकडा कसा लावणार, हा प्रश्न ज्युरीलाही पडला असेलच. त्यांनी लावला. मला तो जास्त वाटत नाही.

काळा चष्मा

शेवंतीताई, तुमच्या प्रतिसादानंतर सिनेमावर लिहायला हात धजत नाही, पण रिळवाला यांचा मूळ प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो.

संशयाचे सिनेमे भलत्यांच्या हाती लागणं नवीन नाही. जॉन कार्पेंटरचा 'दे लिव्ह' (१९८८) घ्या. नायक रॉडी पायपर, मूळचा कुस्तीपटू. काळा चष्मा घातला की जाहिरातींच्या फलकांवर 'आज्ञा पाळा', 'विकत घ्या' अशी अक्षरं दिसतात आणि सुटाबुटातल्या माणसांच्या जागी कवटीसारख्या चेहऱ्यांचे परग्रहवासी. रेगनच्या काळातल्या पैशाच्या हावेवर कार्पेंटरने काढलेला तो जळजळीत सिनेमा आहे. बेघरांची वस्ती पोलीस बुलडोझरने उडवतात तो भाग बघा, कुणाच्या बाजूने बोलतोय त्यात शंका उरत नाही. आणि पुढे नव-नाझी टोळ्यांनी काय पसरवलं? की हे परग्रहवासी म्हणजे ज्यू. २०१७च्या जानेवारीत खुद्द कार्पेंटरला जाहीर सांगावं लागलं की सिनेमा बेलगाम भांडवलशाहीवर आहे, ज्यूंचा त्याच्याशी संबंध जोडणं ही निव्वळ बदनामी आहे.

'द मेट्रिक्स'मधल्या लाल गोळीचंही, म्हणजे जी खाल्ली की खरं जग दिसतं तिचंही, तेच झालं. ज्या वाचोव्स्की भगिनींनी ती लिहिली त्या दोघी ट्रान्स स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यासारख्यांचा द्वेष करणारेच आज ती गोळी खाल्ल्याचं मिरवतात.

माझ्या मते फरक असा आहे. 'दे लिव्ह'मध्ये दुसऱ्याला चष्मा घालायला लावण्यासाठी नायकाला गल्लीत पाच मिनिटांहून जास्त मारामारी करावी लागते. मित्राशी! दोघेही रक्तबंबाळ होतात. सत्य बघायला माणूस सहजी तयार होत नाही, त्याची किंमत पडते, हे कार्पेंटर त्या लांबलचक हाणामारीतून दाखवतो. जोन्सकडे चष्मा फुकट होता. घाला, आणि तुमचा राग ज्याच्यावर आहे तोच राक्षस दिसेल.

रानजाई

+१ काळा चष्मा, मारामारीबद्दल असा विचार केला नव्हता.

रिळवाला, एक विचारायचं होतं. मग 'स्कॅनर'मधला तो प्रसंग आता काढून टाकावा असं तुम्हाला वाटतं का? मला पुढच्या वेळी बघताना तिथे थांबावंसं वाटेल.

रिळवाला

रानजाई, नाही, काढू नये.

एक तर सिनेमा त्याचा नाही. लिंकलेटरचा आहे, बॉब सॅबिस्टनने बनवलेल्या सॉफ्टवेअरवर महिनोन् महिने बसून रंगवणाऱ्या चित्रकारांचा आहे आणि सगळ्यात आधी फिलिप के. डिकचा आहे. मूळ कादंबरी १९७७ची. डिकचं घर सत्तरच्या सुरुवातीला नशेत बुडालेल्या तरुण मुलांनी भरलेलं असायचं, त्यातली बरीच गेली किंवा कायमची अधू झाली. कादंबरीच्या शेवटी त्याने त्यांची यादी दिली आहे. नावापुढे काय झालं ते. अमका मेला, अमकीच्या मेंदूला कायमची इजा. त्या यादीत 'फिल' आहे, स्वादुपिंडाची कायमची हानी झालेला. तो स्वतः. सिनेमा संपताना ही यादी पडद्यावर येते. थिएटरात सिनेमा फारसा चालला नाही, पण ज्यांनी ती यादी शेवटपर्यंत वाचली ते त्याला सोडत नाहीत.

या यादीकडे बघा आणि शेवंती यांनी लिहिलंय त्याकडे बघा. डिकला सरकारचा संशय होता, स्वतःवर पाळत आहे असं तर त्याला आयुष्यभर वाटत आलं. भ्रम आणि वास्तव यातली रेघ त्याच्यासाठी खरोखरच पुसट होती. पण माणूस गेला की तो गेला, हे त्याने कधी नाकारलं नाही. कुणाच्या मेलेल्या मित्राला त्याने बनाव म्हटलं नाही. पाळतीचा, फसवणुकीचा त्याच्याइतका धसका घेतलेला लेखक दुसरा नसेल, आणि पुस्तक संपतं ते खऱ्या नावांनी.

म्हणून तो प्रसंग राहू दे. आज बघताना मला त्यात वेगळंच दिसतं. बॉब आर्क्टर हा गुप्त पोलीस कचेरीत बसताना एक झगा घालतो, त्यावर लाखो चेहऱ्यांचे तुकडे सतत बदलत राहतात, आत कोण आहे ते कुणालाच कळत नाही. शेवटी त्यालाही कळेनासं होतं आणि तो स्वतःवरच पाळत ठेवत बसतो. भोंगेवाला हा सिनेमातला उघड्या तोंडाचा माणूस आहे असं आपण धरून चालतो. त्याच्याही अंगावर तसाच झगा होता.

रानजाई

पटलं. यादीबद्दल माहीत नव्हतं, मी नावं यायला लागली की बंद करायचे. पुन्हा बघते.

तिसरी घंटा

रिळवाला, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा जास्त आवडला. मी जोन्सच्या बाजूने नाही हे पुन्हा सांगतो. मला भीती सत्तेची आहे. डिकलाही तीच होती.

खटलेवाली, आता परिस्थिती काय आहे? त्याने दिवाळखोरी घेतली असं वाचलं होतं. म्हणजे सुटला का?

खटलेवाली

नाही सुटला. डिसेंबर २०२२ला त्याने वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज केला, कंपनीने त्याआधीच केला होता. पण हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेल्या इजेचं देणं तिथल्या कायद्यात दिवाळखोरीने माफ होत नाही. ऑक्टोबर २०२३ला ह्यूस्टनचे न्यायाधीश क्रिस्टोफर लोपेझ यांनी ११० कोटींहून जास्त रकमेबाबत हेच ठरवलं. जून २०२४ला त्यांनी त्याची मालमत्ता विकून देणी भागवायला परवानगी दिली. नोव्हेंबरमध्ये 'द अनियन' या विडंबन करणाऱ्या प्रकाशनाने कनेटिकटच्या कुटुंबांच्या पाठिंब्याने इन्फोवॉर्सचा लिलाव जिंकला, पण लिलावाची पद्धत सदोष होती म्हणून डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी ती विक्री मंजूर केली नाही. ऑक्टोबर २०२५ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कनेटिकटच्या निकालावरचं त्याचं अपील ऐकायलाच नकार दिला. तो निकाल पक्का आहे, वसुलीची लढाई वेगळी. डिक्री मिळवणं सोपं आणि तिची अंमलबजावणी अवघड, हे आपल्याकडच्या पक्षकारांना सांगायला नको.

अवांतर: भारतात बदनामी हा फौजदारी गुन्हाही आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं, आता ते न्याय संहितेत ३५६ आहे. तुम्हाला प्रामाणिक पत्रकाराची काळजी असेल तर माझ्या मते ती इथे जास्त करायला हवी. जोन्सवरचे हे दावे दिवाणी आहेत, त्यात प्रश्न पैशाचा आहे, तुरुंगाचा नाही.

शेवंती

माहितीबद्दल आभार. इथल्या कुटुंबांपैकी काहींनी म्हटलंय की त्यांना रकमेपेक्षा तो आवाज थांबायला हवा होता. डिसेंबर २०२३पासून तो पुन्हा एक्सवर आहे.

ऑस्टिनकर

हो, आणि तेच सगळं पुन्हा चालू आहे.

काळा चष्मा, 'दे लिव्ह'वर वेगळा धागा काढाल का? कार्पेंटरने ज्या कथेवरून सिनेमा घेतला ती रे नेल्सनची १९६३ची कथा पाच-सहा पानांची आहे आणि सिनेमापेक्षा बरीच वेगळी. त्यावर बोलायला आवडेल.

काळा चष्मा

काढतो. ती कथा पुन्हा वाचून शनिवारी टाकतो.